इंग्रजी शब्दसंग्रह वाढवताना : आधी वाक्य, मग अर्थ

इंग्रजी शब्द पाठ करणाऱ्यांच्या वह्या बहुधा एकाच ठशाच्या असतात. पानावर तीन रकाने आखलेले असतात. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात देवनागरीत उच्चार आणि तिसऱ्यात मराठी अर्थ. पहिली वीस-पंचवीस पाने सुवाच्य अक्षरात भरलेली असतात आणि पुढची कोरी राहतात. मेहनत घेतलेली असते, यात शंका नाही. पण त्याच वहीतला एखादा शब्द घेऊन वाक्य लिहायला सांगितले, की ‘द प्राइस ऑफ अनियन्स हॅज रेझ्ड’ असे काहीतरी हाती येते. शब्द ओळखीचा, अर्थही पाठ, आणि वाक्य मात्र चुकलेले.

चूक मेहनतीत नसून क्रमात आहे. अर्थ आधी उतरवला जातो, वाक्य शेवटासाठी ठेवले जाते, आणि शेवटचे काम वेळेअभावी राहूनच जाते. पुढील पद्धतीत हा क्रम उलटा केला आहे. मराठी माध्यमातून किंवा सेमी इंग्रजीतून शिकलेल्या, साधे इंग्रजी वाचता येणाऱ्या पण लिहिताना-बोलताना अडखळणाऱ्या वाचकाला समोर ठेवून ती लिहिली आहे. समजण्यास सोपे जावे म्हणून ‘रेझ’ हा एकच शब्द शक्य तिथे शेवटपर्यंत सोबत ठेवला आहे.

पूर्वतयारी

वाचनाचा मजकूर, शब्दकोश आणि वही अशा तीन गोष्टींची तयारी पहिला शब्द लिहिण्यापूर्वी करावी.

मजकूर निवडताना एक परिच्छेद घेऊन त्यातले साधारण शंभर शब्द मोजावेत आणि अनोळखी शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारावी. रेघा दोन ते पाच असतील तर मजकूर योग्य आहे. दहाच्या वर गेल्या तर तो तूर्त बाजूला ठेवावा, कारण अनोळखी शब्दाचा अंदाज आजूबाजूच्या ओळखीच्या शब्दांवरून बांधायचा असतो आणि इथे तेच अनोळखी असतात. ‘रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचा’ हा सल्ला जो तो देतो. तो बहुतेकांना न झेपणारा आहे. त्यापेक्षा त्याच वर्तमानपत्रातली स्थानिक बातमी बरी. बालभारतीची आठवी ते दहावीची इंग्रजी पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. मोठ्या माणसांनी त्यांचा संकोच करण्याचे कारण नाही.

शब्दकोश दोन लागतात. पहिला इंग्रजी–इंग्रजी, पण तो परभाषकांसाठी तयार केलेला विद्यार्थी-कोश असावा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांचेही असे कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतात. लाँगमनच्या कोशात व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात, त्यामुळे एका शब्दाचा अर्थ समजून घेण्यासाठी आणखी चार शब्द शोधत बसावे लागत नाही. दुसरा कोश इंग्रजी–मराठी. मोल्सवर्थचा कोश अनेक घरांत असतो. परंतु तो मराठीतून इंग्रजीकडे जाणारा आहे आणि त्याची पहिली आवृत्ती १८३१ सालची आहे, म्हणून या कामी तो उपयोगाचा नाही.

वहीला रकाने आखू नयेत. समोरासमोरची दोन पाने एकत्र धरावीत. डाव्या पानावर वाचनात सापडलेले मूळ वाक्य, उजव्या पानावर अर्थ, सोबतचे शब्द आणि स्वतःचे वाक्य. एका शब्दाला अर्धे पान द्यावे. कागद वाया गेल्यासारखा वाटतो, पण पुढे स्वतःच्या वाक्याची दुरुस्ती करायला हीच जागा लागते.

सावधान : या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत छापले आहेत, वहीत ते रोमन लिपीतच लिहावेत आणि शेजारी देवनागरी उच्चार लिहिण्याची सवय सोडावी. पश्चिम दिशा, आत घालायचे बनियन आणि वाया घालवणे या तीन अर्थांचे तीन वेगळे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले की तिन्हींचे ‘वेस्ट’ होते. उच्चार कानाने घ्यावा. ऑनलाइन कोशात शब्दाशेजारी ध्वनिक्षेपकाचे चिन्ह असते, ते दाबून ऐकावे.

टप्पा १ : शब्द निवडणे

रेघ मारलेला प्रत्येक शब्द वहीत घ्यायचा नसतो. दिवसाला पाच शब्द पुरतात आणि कामाच्या दिवसांत तीनही चालतात. निवड करताना शब्दाला तीन प्रश्न विचारावेत. तो गेल्या काही दिवसांत पुन्हा दिसला होता का? तो मला माझ्या अर्जात, कामाच्या ईमेलमध्ये किंवा बोलण्यात लागेल का? आणि विद्यार्थी-कोशात तो नेहमीच्या वापरातला शब्द म्हणून दाखवला आहे का? ऑक्सफर्डच्या कोशात अशा महत्त्वाच्या ३,००० शब्दांवर खूण केलेली असते आणि प्रत्येकाची पातळी ‘ए-वन’ (अगदी सुरुवातीची) ते ‘बी-टू’ (मध्यमच्या वरची) अशी दिलेली असते. तीनपैकी दोन उत्तरे ‘हो’ आली तरच शब्द वहीत घ्यावा.

इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे जडजंबाळ शब्दांची ओढ. ज्याला ‘रेझ’ आणि ‘राइझ’ यांत गोंधळ होतो, त्याने पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला काय म्हणतात हे पाठ करून काय साधले? स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना समानार्थी, विरुद्धार्थी आणि ‘अनेक शब्दांबद्दल एक शब्द’ अशा याद्या कराव्याच लागतात, हे मान्य आहे. त्या वेगळ्या वहीत कराव्यात. त्या याद्यांचे काम पर्याय ओळखण्यापुरते असते आणि तेवढ्यापुरते त्यांना महत्त्व द्यावे. दोन्ही कामे एका वहीत आली की एकही धड होत नाही.

टप्पा २ : मूळ वाक्य उतरवणे आणि अंदाज बांधणे

निवडलेला शब्द ज्या वाक्यात सापडला ते वाक्य जसेच्या तसे डाव्या पानावर लिहावे. फार लांब असल्यास अर्थ न बिघडवता छाटावे. समजा वाक्य असे आहे : ‘द व्हिलेजर्स रेझ्ड मनी टू रिपेअर द स्कूल रूफ.’

आता शब्दकोश मिटलेलाच ठेवून दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, हा शब्द नाम आहे, क्रियापद आहे की विशेषण. इथे तो ‘व्हिलेजर्स’ या कर्त्यानंतर आणि ‘मनी’ या कर्माआधी आला आहे, म्हणजे क्रियापद, आणि तेही सकर्मक. दुसरी, गावकऱ्यांनी शाळेच्या छपराच्या दुरुस्तीसाठी पैशांचे काय केले असेल? खर्च केले, दिले किंवा जमवले, यांपैकी काहीतरी. हा अंदाज पेन्सिलीने लिहावा. तो चुकला तरी काम झालेले असते, कारण पडताळून पाहिलेला अंदाज नुसत्या वाचलेल्या अर्थापेक्षा अधिक काळ लक्षात राहतो.

तपासणी : शब्दाची जात लिहिली का? ती न लिहिता पुढे गेल्यास कोशात चुकीच्या नोंदीवर बोट पडते. ‘रेझ’ हा शब्द अमेरिकन इंग्रजीत पगारवाढ या अर्थी नाम म्हणूनही येतो, आणि ती नोंद वरच्या वाक्याला लागू पडत नाही.

टप्पा ३ : अर्थ शोधणे

प्रथम इंग्रजी विद्यार्थी-कोश उघडावा आणि शब्दाच्या सर्व अर्थांखालची उदाहरणे वाचावीत, व्याख्या नंतर. आपल्या वाक्यासारखे दिसणारे उदाहरण ज्या क्रमांकाखाली सापडेल तोच आपला अर्थ. ‘रेझ’खाली हात वर करणे, भाव किंवा कर वाढवणे, निधी उभारणे, प्रश्न उपस्थित करणे, मुलांना लहानाचे मोठे करणे असे कितीतरी अर्थ क्रमाने येतात. आपल्या वाक्यात ‘मनी’ आहे, म्हणून अर्थ ‘पैसे उभारणे, जमवणे’. त्यानंतरच इंग्रजी–मराठी कोश पाहावा आणि त्यातून या वाक्यात चपखल बसणारा एकच मराठी शब्द घ्यावा.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिला अर्थ उचलून पुढे जाणे ही एक. दुसरी याच्या उलट, म्हणजे कोशात दिलेले पाचच्या पाच मराठी पर्याय स्वल्पविराम देऊन उतरवणे. ‘रेझ : उचलणे, वाढवणे, उभारणे, पाळणे, उपस्थित करणे’ अशी नोंद पाहून परिपूर्णतेचा आनंद होतो, पण त्यातला कोणता अर्थ कोणत्या शब्दाशेजारी उभा राहतो हे त्या ओळीतून कळत नाही. बाकीचे अर्थ वाचनात येतील तेव्हा त्याच अर्ध्या पानावर नव्या वाक्यासह जोडावेत. मोबाइलवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये सुटा शब्द टाकणे हा तर पहिल्या अर्थावर थांबण्याचाच यांत्रिक प्रकार आहे.

कोशातल्या नोंदीत अर्थाखेरीज जी बारीक माहिती असते, तिच्याकडे डोळेझाक केल्यामुळे पुढे निम्म्या चुका होतात, असे वह्या तपासताना वारंवार दिसते. क्रियापद असेल तर ते सकर्मक की अकर्मक हे पाहावे. आरंभी दिलेले कांद्याचे वाक्य इथेच चुकले. ‘रेझ’ला कर्म लागते, व्यापारी, सरकार, कंपनी असे कोणीतरी भाव वाढवतात. भाव आपोआप वाढतात तेव्हा ‘राइझ’, आणि त्याची रूपे ‘रोझ’, ‘रिझन’. मराठी माणसाला हा भेद शिकवावा लागू नये, कारण ‘वाढणे’ आणि ‘वाढवणे’ ही जोडी आपण रोज बिनचूक वापरतो. ‘शिकणे–शिकवणे’ या जोडीलाही इंग्रजीत ‘लर्न’ आणि ‘टीच’ असे दोन शब्द आहेत. मात्र यावरून सरसकट नियम करू नये. ‘वाढणे’ आणि ‘वाढवणे’ दोन्हींसाठी ‘इन्क्रीज’ चालतो, ‘फुटणे’ आणि ‘फोडणे’ दोन्हींसाठी ‘ब्रेक’ चालतो. म्हणून दर वेळी नोंद पाहण्याला पर्याय नाही.

नाम असेल तर ते मोजता येणारे आहे की नाही हे पाहावे. मराठीत आपण ‘सल्ले’ देतो. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’चे अनेकवचन होत नाही आणि त्याच्या आधी ‘ॲन’ही लागत नाही. ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘होमवर्क’, ‘इक्विपमेंट’ ही याच गटातली. नोंदीशेजारी औपचारिक, अनौपचारिक किंवा जुनाट अशी खूण असल्यास तीही उतरवावी. उच्चार ऐकताना जोर कोणत्या अवयवावर पडतो हे टिपावे. छापील कोशात त्या अवयवाआधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर आरंभी येतो, ‘फोटोग्राफी’मध्ये तो दुसऱ्या अवयवावर सरकतो, आणि आपल्यापैकी बहुतेक जण दोन्ही शब्द सारख्याच जोराने उच्चारतात.

टप्पा ४ : सोबतचे शब्द टिपणे

शब्द एकटा शिकला की वाक्यात त्याच्या शेजारी आपण मराठीतला शेजारी आणून बसवतो. ‘परीक्षा देणे’ म्हणून ‘गिव्ह ॲन एक्झाम’, ‘चूक करणे’ म्हणून ‘डू अ मिस्टेक’, ‘लक्ष देणे’ म्हणून ‘गिव्ह अटेन्शन’. इंग्रजीत याच ठिकाणी ‘टेक’, ‘मेक’ आणि ‘पे’ येतात. चहा आपल्याकडे कडक असतो, इंग्रजीत तो ‘स्ट्राँग’ असतो. पाऊस आपल्याकडे जोराचा, तिकडे ‘हेवी’.

एकट्या ‘काढणे’ या क्रियापदाचा हिशेब मांडून पाहावा. फोटो काढताना ‘टेक’, चित्र काढताना ‘ड्रॉ’, बँकेतून पैसे काढताना ‘विथड्रॉ’, बूट काढताना ‘टेक ऑफ’, प्रवासाचे तिकीट काढताना ‘बाय’ किंवा ‘बुक’, आणि मंडळासाठी वर्गणी काढताना आपला ‘रेझ मनी’. ज्याच्या वहीत ‘काढणे’साठी ‘रिमूव्ह’ एवढाच शब्द आहे, तो यांपैकी पाच-सहा ठिकाणी अडकणार. उलट दिशेनेही हेच होते. म्हणून उजव्या पानावर अर्थाखाली त्या शब्दाचे दोन-तीन नेहमीचे सोबती लिहावेत. ते मनाने ठरवू नयेत, कोशातल्या उदाहरणांतूनच घ्यावेत. ‘रेझ’साठी नोंद अशी होईल : ‘रेझ मनी’, ‘रेझ अ क्वेश्चन’, ‘रेझ प्राइसेस’, ‘रेझ युअर हँड’.

सोबत्यांमध्ये शब्दयोगी अव्ययांचे काम करणारे छोटे शब्द सर्वांत फसवे, कारण मराठी विभक्ती आणि प्रत्यय तिथे गुपचूप शिरतात. ‘त्याच्याशी लग्न केले’ म्हणून ‘मॅरिड विथ हिम’, ‘माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’, ‘गणितात हुशार’ म्हणून ‘गुड इन मॅथ्स’. इंग्रजीची रीत ‘मॅरिड हिम’, ‘अँग्री विथ मी’, ‘गुड ॲट मॅथ्स’ अशी आहे. ‘चर्चा’ला मराठीत ‘विषयी’ लागते, ‘डिस्कस’ या क्रियापदाला ‘अबाउट’ लागत नाही. ‘एक्सप्लेन मी’ही चालत नाही, ‘एक्सप्लेन’नंतर माणूस आला तर त्याच्याआधी ‘टू’ हवा. या जागा वहीत लाल शाईने लिहाव्यात. कधी दोन्ही भाषांची वाट एकच निघते, उदाहरणार्थ ‘वर अवलंबून’ आणि ‘डिपेंड ऑन’. तिथे शाई वाया घालवू नये.

आणखी एक सापळा आपल्याच बोलण्यात आहे. मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांचे अर्थ आपण आपल्या सोयीने बदलून घेतले आहेत. आपल्या ‘हॉटेल’मध्ये मिसळ मिळते, मुक्काम करता येतोच असे नाही; ‘लाइट गेली’ म्हणजे वीज गेली; ‘मिसेस’ म्हणजे पत्नी. असे शब्द ओळखीचे वाटतात म्हणून कोणी कोशात पाहत नाही, आणि इंग्रजी लिहिताना ते मराठी अर्थानेच उतरतात. ‘प्रीपोन’ आणि ‘आउट ऑफ स्टेशन’सारखे शब्द भारतात सर्वत्र समजतात, परदेशी परीक्षेत किंवा परदेशी सहकाऱ्याला लिहिताना टाळावेत. त्यांच्यापुढे वहीत ‘भारतीय वापर’ अशी खूण पुरते.

टप्पा ५ : स्वतःचे वाक्य

सर्वांत अधिक वेळ इथे द्यायचा आहे. एका शब्दाला पाच मिनिटे लागली तर त्यातली तीन या टप्प्याची असावीत.

एकदम कोऱ्या पानावर वाक्य रचायला जाऊ नये. आधी मूळ वाक्याचा सांगाडा तसाच ठेवून त्यातले दोन भाग बदलावेत. ‘द व्हिलेजर्स रेझ्ड मनी टू रिपेअर द स्कूल रूफ’ यातले गावकरी आणि छप्पर बदलले, की ‘अवर मंडळ रेझ्ड मनी टू हेल्प द फ्लड व्हिक्टिम्स’ असे वाक्य तयार होते. क्रियापदाचा काळ, कर्माची जागा आणि पुढचा ‘टू’ ही तिन्ही अंगे मूळ वाक्यातून बिनचूक आली आहेत. असे एक वाक्य झाल्यावर दुसरे मोकळेपणाने लिहावे आणि ते आपल्या घरातले, कामातले, गावातले असावे. कोशातल्या वाक्यांत येणारे समुद्रकिनाऱ्यावरचे सुट्टीचे बेत उतरवून काही हाती लागत नाही. घरमालकाने भाडे वाढवले, ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न उपस्थित झाला, यांत ‘रेझ’ आपोआप बसतो आणि लक्षात राहतो.

वाक्य झाल्यावर त्याची रिकाम्या जागेची परीक्षा घ्यावी. शिकायचा शब्द बोटाने झाकावा आणि उरलेल्या वाक्यावरून तो ओळखता येतो का ते पाहावे. ‘रिलक्टंट’ म्हणजे नाखूश, मनातून तयार नसलेला. ‘ही वॉज रिलक्टंट’ या वाक्यातला शब्द झाकला तर तिथे आनंदी, दमलेला, उंच, काहीही बसते. म्हणजे वाक्याने शब्दाला काहीच आधार दिलेला नाही. ‘शी वॉज रिलक्टंट टू लेंड हर स्कूटर बिकॉज हर ब्रदर हॅड डॅमेज्ड इट ट्वाइस’ हे वाक्य झाकून पाहावे. भावाने स्कूटरची दोनदा मोडतोड केल्यावर ती कशी असणार, हे वाक्यच सांगते. शिवाय ‘रिलक्टंट’नंतर ‘टू’ येतो हेही त्यात आले. बहुतेक वाक्यांना कारण किंवा परिणाम जोडला, की ती या परीक्षेत उतरतात. म्हणून ‘बिकॉज’, ‘सो’, ‘ऑल्दो’, ‘अनटिल’ यांपैकी एक जोडण्याची सवय लावावी.

तपासणी : वाक्य लिहिल्यावर लगेच बरोबर मानू नये. कोशातल्या उदाहरणांशी ताडून पाहावे. शंकास्पद वाटणारे तीन-चार शब्द अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधावेत आणि नावाजलेल्या वर्तमानपत्रांत किंवा पुस्तकांत ती रचना आढळते का ते पाहावे. शिक्षक किंवा जाणकार मित्र असेल तर उत्तमच. चॅटबॉटला विचारायचे असल्यास ‘वाक्य सुधारून दे’ असे म्हणू नये. ‘चूक कुठे आहे एवढेच सांग’ असे म्हणावे आणि दुरुस्ती स्वतः करावी. तयार सुधारलेले वाक्य वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते, आणि पुढच्या वेळी तीच चूक पुन्हा होते.

टप्पा ६ : उजळणी

वही उघडून वाचत जाणे ही उजळणी नव्हे. पाहिलेला शब्द ओळखता येणे आणि न पाहता आठवणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि बोलताना दुसरी लागते. म्हणून टप्पा ५ पूर्ण झालेल्या प्रत्येक शब्दाचे एक कार्ड करावे. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा जाड कागद पुरतो. पुढच्या बाजूला शब्दाच्या जागी रेघ असलेले वाक्य आणि खाली त्या वाक्यापुरता मराठी अर्थ. मागच्या बाजूला शब्द, त्याचे योग्य रूप आणि एक-दोन सोबती. पुढची बाजू पाहून पूर्ण इंग्रजी वाक्य मोठ्याने म्हणायचे आणि मगच कार्ड उलटायचे.

कार्डांसाठी बुटांच्या खोक्यात पाच कप्पे करावेत. ही रीत जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केली. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात जाते आणि तो कप्पा रोज पाहायचा. दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. उत्तर बरोबर आले की कार्ड एक कप्पा पुढे सरकते. चुकले की कितव्याही कप्प्यात असले तरी थेट पहिल्यात येते. ‘जवळजवळ बरोबर’ असा वर्ग नाही. ‘रेझ्ड’च्या जागी ‘रोझ’ आले तर ते चुकलेच. खोके नको असेल तर ‘अँकी’ हे ॲप हेच काम मोबाइलवर करते आणि अंतर स्वतः ठरवते. मात्र त्यात इतरांनी बनवलेले हजारो शब्दांचे तयार संच उतरवून घेऊ नयेत. त्या वाक्यांशी आपला संबंध नसतो, आणि दोन आठवड्यांत साठलेल्या उजळणीच्या ढिगाखाली माणूस ॲपच काढून टाकतो.

टप्पा ७ : जवळचे शब्द जोडणे

समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द एकाच दिवशी शिकणे हा शाळेपासूनचा परिपाठ आहे आणि तो गोंधळ वाढवतो. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ एकत्र पाठ केले, की उसने घेणे कोणते आणि देणे कोणते हे वर्षानुवर्षे सुटत नाही. एक शब्द घेऊन त्याचे कार्ड तिसऱ्या कप्प्यात पोहोचू द्यावे, मग दुसरा आणावा. ‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’, ‘सेन्सिबल’ आणि ‘सेन्सिटिव्ह’, तसेच ‘रेझ’ आणि ‘राइझ’ यांनाही हेच लागू.

शब्दाचे कुटुंब मात्र आठवड्याभराने जोडण्यास हरकत नाही : ‘डिसाइड’चे नाम ‘डिसिजन’, विशेषण ‘डिसायसिव्ह’. प्रत्येक रूपाला स्वतंत्र वाक्य हवे. उपसर्गांवरून अर्थ बांधताना जपावे. आरंभी ‘इन’ आले म्हणजे नकारच असे नाही. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे अतिशय मौल्यवान. ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे चटकन पेट घेणारे, आणि टँकरवरचा हा शब्द उलट समजणे परवडणारे नाही.

टप्पा ८ : वापरात आणणे

आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वारी, त्या आठवड्याच्या शब्दांतले पाच घेऊन आठ-दहा ओळींचा एक परिच्छेद लिहावा. विषय साधा असावा : सोसायटीची बैठक, बसचा उशीर, कार्यालयातला नवा नियम. पाचही शब्द कोंबण्यासाठी विषय वाकवावा लागत असेल तर तीनच वापरावेत. लिहिलेला परिच्छेद मोठ्याने वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा आणि कोशातल्या उच्चाराशी ताडावा.

सावधान : नवा शब्द आला म्हणून जुना साधा शब्द हद्दपार करू नये. ‘स्टार्ट’ चालत असताना रोजच्या ईमेलमध्ये ‘कमेन्स’ लिहिले की मजकूर सरकारी वाटू लागतो. टप्पा ३ मध्ये उतरवलेली औपचारिक-अनौपचारिक ही खूण इथे कामाला येते.

अडून बसलेल्या शब्दांचे काय करावे

काही कार्डे पहिल्या दोन कप्प्यांतच घुटमळत राहतात. चौथ्यांदा चुकलेले कार्ड फाडून टाकावे. त्यातला दोष बहुधा स्मरणशक्तीचा नसतो. वाक्य पोकळ असते, किंवा एकाच कार्डावर दोन अर्थ आलेले असतात, किंवा जुळा शब्द खूप लवकर खोक्यात शिरलेला असतो. डावे पान काढून मूळ वाक्य पुन्हा वाचावे, रिकाम्या जागेच्या परीक्षेत उतरेल असे वेगळे वाक्य लिहावे आणि त्याचे नवे कार्ड करावे. तेही चालले नाही तर शब्द सरळ सोडून द्यावा. तो खरोखर गरजेचा असेल तर वाचनात पुन्हा समोर येईलच, आणि तेव्हा त्याला टप्पा १ पासून घ्यावे. याउलट पाचव्या कप्प्यातून लागोपाठ दोनदा बरोबर आलेले कार्ड खोक्यातून काढून ठेवावे, म्हणजे रोजची उजळणी पंधरा मिनिटांच्या आत राहते आणि नव्या शब्दांना जागा होते.